जेलीफिनमध्ये मराठी चित्रपट, नाटकं आणि घरचे व्हिडिओ नीट कसे लावावेत?

प्रश्न थोडक्यात असा: दोन टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर मराठी चित्रपट, दोन मालिका, नाटकांची चित्रणं आणि घरच्या लग्नामुंजींचे व्हिडिओ एकाच फोल्डरात आहेत. जेलीफिन (घरच्या संगणकावरचे व्हिडिओ पोस्टरांसह टीव्हीवर, फोनवर दाखवणारा मोफत प्रोग्राम) बसवून त्याला ती डिस्क दाखवली. निम्म्या चित्रपटांना भलतीच पोस्टरं लागली. मुंजीच्या व्हिडिओला कुठल्याशा परदेशी चित्रपटाचं नाव मिळालं. काही नावं हाताने दुरुस्त केली, पण नंतर 'रिफ्रेश' दाबताच ती पुसली गेली. आणि मेनूतल्या सारख्या वाटणाऱ्या बटणांपैकी कोणतं कधी दाबायचं ते कळत नाही.

या शेवटच्या तक्रारीत बाकीच्या सगळ्यांचं मूळ आहे. जेलीफिनच्या पडद्यावर एखादा चित्रपट दिसतो त्यामागे तीन थर असतात. सर्वांत खाली डिस्कवरची फाइल आणि तिचं फोल्डर. त्यावर ओळख, म्हणजे ही फाइल टीएमडीबी या चित्रपटकोशातल्या कितव्या क्रमांकाच्या नोंदीशी जुळवली आहे ते. सर्वांत वर तपशील: नाव, कथासार, कलाकार, पोस्टर. ओळख चुकलेली असताना वरचं नाव हाताने बदललं, तर ते रंग उडालेल्या भिंतीवर कॅलेंडर टांगण्यासारखं आहे. पुढच्या वेळी माहिती नव्याने मागवली की चुकलेल्या ओळखीचेच तपशील परत येतात. म्हणून दुरुस्ती नेहमी खालून वर करायची: आधी फोल्डर, मग ओळख, मग तपशील, आणि शेवटी कुलूप.

खाली दिलेली बटणांची नावं १०.९ आणि १०.१० या आवृत्त्यांतल्या इंग्रजी मेनूतली आहेत. मेनू इंग्रजीतच ठेवलेला बरा, कारण अडचण आली की मदतीची सगळी पानं त्याच नावांनी लिहिलेली असतात. मेनूची भाषा आणि चित्रपटांच्या माहितीची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेनू इंग्रजी ठेवूनही पोस्टरखाली मराठी नावं दिसू शकतात.

सुरुवात डिस्कवर करा, जेलीफिन न उघडता. मुळाशी चार फोल्डर करा: चित्रपट, मालिका, नाटकं, घरचे व्हिडिओ. हे चार प्रकार एका फोल्डरात राहिले तर पुढचं काहीही नीट होणार नाही, कारण जेलीफिन प्रत्येक लायब्ररीला, म्हणजे त्यात जोडलेल्या फोल्डरांच्या प्रत्येक गटाला, एकच नियम लावतो. 'चित्रपट' प्रकारच्या लायब्ररीत आलेली प्रत्येक फाइल हा चित्रपटच आहे असं धरून तो कोशात शोधतो. मुंजीच्या व्हिडिओला परदेशी चित्रपटाचं नाव मिळालं ते यामुळे. मेनूत मिश्र प्रकारचाही एक पर्याय आहे. तो सोयीचा वाटतो, पण ओळखीच्या चुका तिथेच सर्वाधिक होतात. त्याच्या वाटेला जाऊ नका.

चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर द्या. फोल्डरचं नाव: चित्रपटाचं नाव, एक जागा, कंसात साल. आतल्या फाइलचं नावही तेच. साल हा शोभेचा भाग नाही. 'श्यामची आई' घ्या: आचार्य अत्रे यांचा १९५३ चा आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा, असे दोन चित्रपट याच नावाचे आहेत. साल नसेल तर कोशाने कोणता द्यावा? 'कोर्ट'सारखं नाव तर जगातल्या कितीतरी चित्रपटांना आहे. तिथे आणखी एक खाच येते. मराठी 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि भारतात २०१५ मध्ये चित्रपटगृहांत आला. 'फँड्री'चंही तसंच: महोत्सवात २०१३, प्रदर्शन २०१४. अशा वेळी आपल्याला आठवतं ते साल लिहू नका. टीएमडीबीच्या संकेतस्थळावर त्या चित्रपटाच्या पानावर जे साल आहे तेच लिहा.

फोल्डरचं नाव रोमन लिपीत ठेवलं तर ओळख जास्त भरवशाने होते. पडद्यावर नाव देवनागरीत कसं आणायचं ते पुढे सांगतो. रोमनमध्ये मराठी नावांचं स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो, दीर्घ ईला कोणी एक अक्षर लावतो, कोणी दोन. त्यामुळे कोशातलं स्पेलिंग जसंच्या तसं उचला. त्याहून पक्का उपाय म्हणजे नोंदीचा क्रमांकच फोल्डरच्या नावात घालणं. टीएमडीबीवर चित्रपटाचं पान उघडलं की वरच्या पत्त्याच्या पट्टीत एक आकडा दिसतो. फोल्डरच्या नावात सालाच्या कंसानंतर एक जागा सोडून चौकटी कंस उघडायचा, त्यात 'टीएमडीबीआयडी' ही अक्षरं रोमन लहान लिपीत, मग आडवी रेघ, मग तो आकडा, आणि कंस बंद. हे केलं की अंदाजाचा प्रश्न उरत नाही. सगळ्यांना करायची गरज नाही. ज्या चित्रपटांचं नाव सामान्य आहे किंवा ज्यांची पुनर्निर्मिती झाली आहे, तेवढ्यांना करा.

जुन्या व्हीसीडीवरून उतरवलेले मराठी चित्रपट बहुतेक वेळा दोन तुकड्यांत असतात. दोन्ही तुकडे एकाच फोल्डरात ठेवा, नावं तंतोतंत सारखी ठेवा, आणि शेवटी आडवी रेघ देऊन पहिल्याला 'पार्ट१', दुसऱ्याला 'पार्ट२' असं रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहा. मग पडद्यावर एकच पोस्टर येतं आणि पहिला तुकडा संपला की दुसरा सुरू होतो. नावांत एका टिंबाचा फरक असला तरी दोन वेगळे चित्रपट दिसतील. व्हीसीडीवरच्या डॅट फाइली जशाच्या तशा ठेवण्याऐवजी एफएफएमपेग या मोफत प्रोग्रामने एमपीजी किंवा एमकेव्हीच्या खोक्यात घालून घ्या. चित्र नव्याने दाबायचं नाही, प्रवाह फक्त नकलायचा. व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ गुणिले २८८ बिंदूंचं असतं, पुन्हा दाबलं तर जे थोडं उरलं आहे तेही जाईल.

त्याच चित्रपटाच्या दोन प्रती असतील, एक जुनी आणि एक स्वच्छ, तर दोन्ही एकाच फोल्डरात ठेवा. दोन्ही फाइलींच्या नावाची सुरुवात फोल्डरच्या पूर्ण नावाने व्हायला हवी. त्यानंतर जागा, आडवी रेघ, जागा आणि प्रतीची खूण. मग तपशिलाच्या पानावर 'व्हर्जन' अशी निवड येते. फक्त लक्षात ठेवा, तुकड्यांचा चित्रपट आणि अनेक प्रती हे दोन्ही एका फोल्डरात मिसळले तर जेलीफिनचा गोंधळ उडतो. तिथे आधी तुकडे जोडून एक फाइल करून घ्या.

मालिकांचं वेगळं. मालिकेचं फोल्डर, त्यात 'सीझन ०१' हे फोल्डर (रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत), आणि त्यात भाग. प्रत्येक फाइलीच्या नावात रोमन एस, दोन इंग्रजी अंक, रोमन ई आणि भागाचा अंक, मध्ये जागा न सोडता. दैनंदिन मराठी मालिकांचे शेकडो भाग एकाच सीझनमध्ये असतात. काही हरकत नाही, भागाचा अंक तीन-चार आकडी चालतो. फक्त सगळ्यांना सारखे आकडे ठेवा: ०००७, ०१४५, ०९३१. 'भाग १२' असं देवनागरीत लिहिलेलं असेल तर तो अंक भागाचा म्हणून ओळखला जाईल यावर विसंबू नका. शंभर फाइलींची नावं हाताने बदलत बसू नका. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत संचात पॉवररीनेम आहे, त्यात शोध आणि बदल एका फटक्यात होतो आणि आधी नमुना दिसतो. जे भाग कोशात नाहीत तेही यादीत येतात, त्यांना फक्त कथासार नसतं आणि चित्र त्या भागातल्याच एखाद्या दृश्याचं लागतं. पडद्यावर 'सीझन अननोन' असं खोकं दिसलं तर समजा की सीझनचा अंक ना फोल्डरात सापडला, ना फाइलीत.

आता जेलीफिन उघडा. ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा पत्ता आणि पुढे ८०९६ हा पोर्ट. डावीकडच्या तीन रेघांच्या मेनूत 'डॅशबोर्ड' आहे, त्यात 'लायब्ररीज'. आधी केलेली मिश्र लायब्ररी तिच्या तीन ठिपक्यांतून काढून टाका. इथून लायब्ररी काढली तर डिस्कवरच्या फाइलींना धक्का लागत नाही. ती काढायलाच हवी, कारण एकदा ठरवलेला प्रकार नंतर बदलता येत नाही.

'ॲड मीडिया लायब्ररी' दाबा. पहिली निवड 'कंटेंट टाइप', आणि सगळ्यांत महत्त्वाची तीच. चित्रपटांना 'मूव्हीज', मालिकांना 'शोज', घरच्या व्हिडिओंना 'होम व्हिडिओज अँड फोटोज'. नाटकांना काय द्यायचं, हा मराठी घरांतला खास प्रश्न आहे. नाटकांची चित्रणं टीएमडीबीवर क्वचितच असतात, त्यामुळे 'मूव्हीज' दिलं तर त्याच नावाच्या चित्रपटाचं पोस्टर नाटकाला चिकटतं. 'होम व्हिडिओज' दिलं तर चुकीचं काही चिकटत नाही, पण नाटककार, दिग्दर्शक, कलाकार यांच्यावरून शोधायची सोय फारशी मिळत नाही. माझ्या मते योग्य मार्ग हा: नाटकांची स्वतंत्र लायब्ररी 'मूव्हीज' प्रकारची करा, आणि तिच्यातल्या 'मेटाडेटा डाउनलोडर्स' व 'इमेज फेचर्स' या याद्यांतल्या इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या सगळ्यांच्या खुणा काढा. मग माहिती तुम्ही भराल तेवढीच राहील, पण चित्रपटांसाठी असलेली सगळी दालनं नाटकांनाही मिळतील. एखाद्या कलाकाराच्या नावावर टिचकी मारली की त्याचे चित्रपट आणि नाटकं एकत्र दिसतात. हा आनंद या मेहनतीच्या कितीतरी पट मोठा आहे. त्यासाठी कलाकाराचं नाव दोन्हीकडे अक्षरशः सारखं लिहा, नाहीतर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतील.

त्याच खिडकीत खाली आणखी काही निवडी आहेत. 'प्रिफर्ड डाउनलोड लँग्वेज' मराठी करा, देश भारत. ज्या चित्रपटांची मराठी माहिती टीएमडीबीवर आहे तिथे ती येईल, नसेल तिथे बहुधा इंग्रजी येईल. मराठी चित्रपटांची मराठीतली कथासारं कोशात अजून थोडीच आहेत. तो कोश वाचकच भरतात, खातं काढून कोणीही मराठी नाव आणि कथासार घालू शकतं. तिथे भरलेलं एक कथासार जगभरातल्या मराठी घरांत पोचतं, ही गोष्ट मनात ठेवा.

'प्रिफर एम्बेडेड टायटल्स' ही खूण काढलेलीच ठेवा. कारण अनेक फाइलींच्या पोटात कुणीतरी भरलेलं भलतंच नाव असतं आणि ते फोल्डरच्या नावावर मात करतं. 'मेटाडेटा सेव्हर्स'मध्ये 'एनएफओ'ला खूण करा. ही या उत्तरातली सर्वांत कळीची सूचना आहे. या खुणेमुळे तुम्ही भरलेले तपशील जेलीफिनच्या पोटाबरोबरच चित्रपटाच्या फोल्डरातही एका छोट्या मजकूर-फाइलीत लिहिले जातात. उद्या संगणक बदलला, जेलीफिन नव्याने बसवला, तरी तपशील डिस्कबरोबर येतात. सोबत 'सेव्ह आर्टवर्क इनटू मीडिया फोल्डर्स' हीही खूण करा म्हणजे पोस्टरंही तिथेच राहतील.

'ट्रिकप्ले' म्हणजे व्हिडिओ पुढेमागे सरकवताना दिसणारी छोटी चित्रं. मूळ मांडणीत दर दहा सेकंदाला एक चित्र काढलं जातं, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला नऊशे चित्रं. जुन्या संगणकावर हे काम दिवसेंदिवस चालतं आणि पहिली ओळख-तपासणीच रखडते. पहिल्या खेपेला बंद ठेवा, सगळं जागेवर बसलं की मग सुरू करा.

सगळ्यात आधी दहा-बारा चित्रपटांवर प्रयोग करा. चाचणीचं वेगळं फोल्डर, त्यावर लायब्ररी, आणि तपासणी होऊ द्या. नावांच्या पद्धतीत चूक असेल तर ती बारा चित्रपटांत कळलेली बरी, आठशेंत नको.

लायब्ररी रिकामीच दिसली तर दोष बहुधा परवानगीचा असतो. लिनक्सवर जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. तुम्ही डिस्क लावली की डेस्कटॉप ती तुमच्या नावाच्या फोल्डरात जोडतो आणि तिथे दुसऱ्या वापरकर्त्याला डोकावता येत नाही. डिस्क तिच्या यूयूआयडीने, म्हणजे कायमच्या ओळख-क्रमांकाने, एफएसटॅब या फाइलीत नोंदवून एखाद्या सामाईक जागी जोडली की प्रश्न सुटतो. एनएफओ आणि पोस्टरं लिहिण्यासाठी जेलीफिनला त्या फोल्डरात लिहिण्याचीही मुभा लागते, नुसती वाचण्याची पुरत नाही. विंडोजवर दोष वेगळा: डिस्क दुसऱ्या खाचेत लावली की तिचं अक्षर बदलतं आणि लायब्ररी पोरकी होते. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन डिस्कला शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका. डिस्क जोडलेली नसताना 'स्कॅन' दाबू नका.

नवी फाइल टाकल्यावर ती आपोआप दिसायला हवी, त्याची खूण 'रिअल टाइम मॉनिटरिंग'. संगणकाला थेट जोडलेल्या डिस्कवर ती काम करते. नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर बदलाची वर्दी बऱ्याचदा पोचतच नाही. तिथे 'शेड्यूल्ड टास्क्स'मधली 'स्कॅन मीडिया लायब्ररी' हीच खरी, आणि ती मूळ मांडणीत दर बारा तासांनी चालते. घाई असेल तर हाताने चालवा.

आता बटणांकडे. कोणत्याही पोस्टरवर तीन ठिपके दाबले की मेनू येतो. त्यातली 'आयडेंटिफाय', 'एडिट मेटाडेटा' आणि 'रिफ्रेश मेटाडेटा' ही तीन नावं वेगवेगळी कामं करतात.

'आयडेंटिफाय' मधल्या थरावर काम करतं. पोस्टर, कथासार, कलाकार असं सगळंच दुसऱ्या चित्रपटाचं असेल तर हेच दाबायचं. खिडकीत नाव आणि साल घाला, किंवा नुसता टीएमडीबीचा क्रमांक घाला. क्रमांक घातला तर बाकीचे रकाने रिकामे ठेवा, नाहीतर दोन्ही गोष्टी एकमेकींशी भांडतात. निकालांतलं योग्य पोस्टर निवडा, पुढच्या पानावर 'रिप्लेस एक्झिस्टिंग इमेजेस'ला खूण करा आणि 'ओके'. ती खूण विसरली तर नाव बरोबर येतं आणि पोस्टर जुनंच राहतं, मग ओळख फसली असं उगाच वाटतं. आयडेंटिफाय करूनही जुनीच ओळख परत येत असेल तर फोल्डर उघडून पाहा. तिथे चुकीच्या क्रमांकाची जुनी एनएफओ फाइल बसलेली असते आणि जेलीफिन तिला इंटरनेटपेक्षा जास्त मानतो. ती पुसा आणि पुन्हा ओळख करा.

'एडिट मेटाडेटा' वरच्या थरावर काम करतं. ओळख बरोबर आहे, पण नाव रोमनमध्ये आलं, कथासार इंग्रजीत आहे, एखादा कलाकार राहिला, तर इथे या. तीन रकाने मराठीसाठी महत्त्वाचे आहेत. 'टायटल'मध्ये देवनागरी नाव घाला, पडद्यावर तेच दिसेल. 'ओरिजिनल टायटल'मध्ये रोमन नाव घाला. कोशाच्या दृष्टीने हे उलटं आहे, पण शोधाच्या खिडकीत दोन्ही रकाने तपासले जातात. घरात कोणी देवनागरीत शोधो की टीव्हीच्या रिमोटवर रोमन अक्षरं टिपून, चित्रपट सापडतो. तिसरा 'सॉर्ट टायटल', म्हणजे अनुक्रमासाठीचं नाव. चित्रपटांच्या पानावर उजव्या कडेला अक्षरांची उभी पट्टी असते ती रोमन ए ते झेडची, देवनागरी नाव तिच्यातल्या कोणत्याच अक्षराखाली येत नाही. पट्टी वापरायची असेल तर इथे रोमन नाव घाला. मराठी वर्णक्रम हवा असेल तर देवनागरी घाला. मात्र तो क्रम युनिकोडच्या तक्त्याचा असतो, शाळेतल्या बाराखडीचा नव्हे. त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, 'क्ष' हा 'क'च्या घरात आणि 'ज्ञ' हा 'ज'च्या घरात. लायब्ररीत दोन्ही पद्धती मिसळू नका.

तपशील भरून झाले की त्याच खिडकीच्या तळाशी जा. 'लॉक धिस आयटम' अशी खूण आहे, ती केली की पुढच्या कुठल्याही रिफ्रेशने तो चित्रपट बदलत नाही. पूर्ण कुलूप नको असेल तर रकान्यांची यादी दिलेली असते, त्यातल्या नाव आणि कथासार एवढ्यांचीच खूण काढा. इथे खूण काढणं म्हणजे कुलूप लावणं, हे लक्षात घ्या, कारण पहिल्या वेळी बहुतेक जण उलटं करतात. तुमच्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या त्या कुलूप नसल्यामुळे.

'रिफ्रेश मेटाडेटा' उघडलं की तीन पर्याय येतात. 'स्कॅन फॉर न्यू अँड अपडेटेड फाइल्स' फक्त डिस्क पाहतो. नवी उपशीर्षकं टाकली, फाइल बदलली, तर हा. 'सर्च फॉर मिसिंग मेटाडेटा' रिकाम्या रकान्यांत भर घालतो, भरलेल्यांना हात लावत नाही. रोजच्या कामाला हाच पुरतो. 'रिप्लेस ऑल मेटाडेटा' कुलूप नसलेलं सगळं पुसून कोशातलं नव्याने आणतो. लायब्ररीची भाषा नंतर मराठी केली तर आधी आलेले इंग्रजी तपशील आपोआप बदलत नाहीत, तेव्हा हा लागतो. एरवी याच्यापासून दूर राहा, आणि पूर्ण लायब्ररीवर तर कुलपं लावल्याशिवाय कधीही दाबू नका.

याच मेनूत 'डिलीट मीडिया' आहे. लायब्ररी काढणं निरुपद्रवी होतं, हे तसं नाही. यामुळे डिस्कवरची फाइल खरोखर जाते आणि कचरापेटीतही सापडत नाही. घरच्या मुंजीच्या एकमेव चित्रणावर कुणाचं बोट पडलं तर परत आणायला मार्ग नाही. 'डॅशबोर्ड'च्या 'यूजर्स'मध्ये प्रत्येकाच्या नावापुढे पुसण्याची परवानगी कुठे आहे ते पाहून ती काढून टाका, स्वतःचीसुद्धा. पुसायचं असेल तेव्हा फाइल मॅनेजरमधून पुसा.

चुकलेले चित्रपट शोधायला प्रत्येक पोस्टर तपासायची गरज नाही. लायब्ररीच्या पानावर वर 'सॉर्ट' आहे. तिथे रेटिंगनुसार चढता क्रम लावा. ज्यांना कोशातून काहीच मिळालं नाही त्यांना रेटिंग नसतं आणि ते सर्वांत वर गोळा होतात. तीन रेघांच्या मेनूतला 'मेटाडेटा मॅनेजर'ही यासाठी उत्तम आहे. डावीकडे सगळ्या लायब्रऱ्यांचं झाड, उजवीकडे रकाने, एकेक उघडून भरत जायचं. नाटकं भरायला याहून सोयीची जागा नाही. फाइल डिस्कवर आहे पण पडद्यावर नाही असं वाटलं तर 'लायब्ररीज'च्या 'डिस्प्ले' पानावर 'फोल्डर व्ह्यू' सुरू करा, जेलीफिनला डिस्क जशी दिसते तशी यादी मिळते.

नाटकांना पोस्टर स्वतः द्यावं लागतं. नाटकाच्या जुन्या जाहिरातीचा किंवा पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा फोटो काढा, दोनास तीन या प्रमाणात उभा कापा, एक हजार गुणिले दीड हजार बिंदू पुरेत. 'पोस्टर' या रोमन नावाने जेपीजी फाइल नाटकाच्या फोल्डरात ठेवली की रिफ्रेशनंतर लागते. 'एडिट इमेजेस'मधूनही चढवता येते. चित्र आडवं दिलं तर पडद्यावर दोन्ही कडा कापल्या जातात आणि नाटकाचं नावच अर्धं दिसतं.

घरच्या व्हिडिओंच्या लायब्ररीत इंटरनेटची माहिती येत नाही, फोल्डरं जशी तशी दिसतात. म्हणून सगळी शिस्त नावांतच हवी. फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा: साल, महिना, दिवस, या क्रमाने, इंग्रजी अंकांत, आणि पुढे देवनागरीत प्रसंग आणि गाव. कोशात शोधायचंच नसल्याने इथे देवनागरी बिनधास्त वापरा. फोल्डरच्या नावात विसर्गचिन्हासारखे दोन बिंदू, तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह मात्र नको, विंडोजला ती चालत नाहीत. कोण कोण दिसतं ते 'टॅग्ज'मध्ये भरा. आजीच्या नावाचा टॅग निवडला की वीस वर्षांतल्या तिच्या सगळ्या चित्रणांची रांग लागते.

'कलेक्शन' आणि 'प्लेलिस्ट' यांत फरक करा. एका दिग्दर्शकाचे चित्रपट किंवा प्रभातचे चित्रपट असा गट हवा तर 'ॲड टू कलेक्शन'. एक चित्रपट कितीही गटांत राहू शकतो आणि डिस्कवर काही हलत नाही. ठरावीक क्रमाने एकामागून एक पाहायचे असतील तर प्लेलिस्ट.

मराठी उपशीर्षकांची फाइल चित्रपटाच्याच नावाने, पुढे बिंदू, रोमन 'एमआर', बिंदू, 'एसआरटी' अशी ठेवा म्हणजे भाषेसह ओळखली जाते. अक्षरांऐवजी चिन्हांचा चिखल दिसला तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात पुन्हा जतन करा. एएसएस प्रकारच्या उपशीर्षकांत चौकोन दिसले तर देवनागरी टंक मिळालेला नाही. 'डॅशबोर्ड'च्या 'प्लेबॅक'मध्ये पर्यायी टंकांचं फोल्डर द्यायची जागा आहे, तिथे एखादा देवनागरी टंक ठेवा. व्हिडिओच अडखळत असेल तर चालू असताना दातेरी चाकातून 'प्लेबॅक इन्फो' पाहा. तिथे 'ट्रान्सकोडिंग' लिहिलेलं असेल तर पाहणाऱ्या साधनाला ती फाइल थेट चालवता येत नाही आणि संगणक ती चालता चालता बदलून देतो आहे. कारणही तिथेच लिहिलेलं असतं.

घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या. आजोबांच्या खात्याला चित्रपट आणि नाटकं एवढ्याच लायब्रऱ्या, मुलांना वयाची मर्यादा. प्रत्येक जण आपापल्या खात्यात 'होम' मांडणीत 'कंटिन्यू वॉचिंग' वर आणू शकतो. ही मांडणी खात्याबरोबर जाते. 'डिस्प्ले'मधली एका पानावर किती पोस्टरं हा आकडा मात्र त्या त्या यंत्रापुरता असतो. तो मुळात शंभर असतो, शून्य केला तर सगळी एकाच पानावर येतात, आणि जुन्या टीव्हीचा दम तिथे सुटतो.

एनएफओ फाइलींत चित्रपटांचे तपशील राहतात, पण खाती, कोण किती पाहून थांबलं याच्या नोंदी आणि तुम्ही बांधलेली कलेक्शन्स जेलीफिनच्या स्वतःच्या माहिती-फोल्डरात असतात. लिनक्सवर ते व्हार-लिबमधल्या जेलीफिन फोल्डरात आणि मांडणी ईटीसीमधल्या जेलीफिन फोल्डरात, विंडोजवर बहुधा प्रोग्रामडेटामध्ये. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या अद्ययावतीपूर्वी सेवा थांबवून त्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. चालू स्थितीत घेतलेली नक्कल अर्धवट निघू शकते.